दुसऱ्या मिनिटाचं कार्ड सामना वाचवत नाही

फुटबॉलमधल्या कुठल्याही मोठ्या डर्बीच्या, म्हणजे पक्क्या वैरी संघांमधल्या सामन्याच्या, आदल्या दिवशी एक सल्ला हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, सार तेच: "पक्क्या वैऱ्यांचा सामना सांभाळणं सोपं आहे. पहिल्या पाच मिनिटांत कुणाला तरी पिवळं कार्ड दाखवा, वचक बसतो. मग शिट्टी आवरा, खेळ वाहू द्या. बॉलला आधी पाय लागला असेल तर फाउल नाही. मोठी चूक झालीच तर व्हीएआर (व्हिडिओ पाहून तपासणारा रेफरी) आहे. हाणामारी झाली तर दोन्हीकडे एकेक कार्ड द्या. प्रेक्षकांनी काही फेकलं तर सामना रद्द करा. एवढं ज्याला जमत नाही तो रेफरी भित्रा, नाहीतर विकला गेलेला."

यातल्या बहुतेक वाक्यांत चिमूटभर तथ्य आहे, म्हणून तो सल्ला पटतो. मैदानात मात्र तो जसाच्या तसा वापरला तर सामना हातचा जातो. एकेक मुद्दा घेऊ.

"पहिल्या पाच मिनिटांत कार्ड काढा, वचक बसतो."

२५ जून २००६, न्युर्नबर्ग. विश्वचषकाच्या बाद फेरीत पोर्तुगाल विरुद्ध नेदरलँड्स. रेफरी व्हॅलेंटिन इव्हानोव्ह यांनी मार्क व्हान बॉमेलला दुसऱ्याच मिनिटाला पिवळं कार्ड दाखवलं. सल्ल्याप्रमाणे इथेच वचक बसायला हवा होता. पाच मिनिटांनी खालिद बुलाहरूझचे स्टड (बुटाच्या तळाचे खिळे) क्रिस्तियानो रोनाल्डोच्या मांडीवर होते. त्यालाही पिवळं, आणि रोनाल्डो पहिल्या हाफमध्येच जखमी होऊन बाहेर. सामना संपला तेव्हा हिशेब होता १६ पिवळी आणि ४ लाल. २०१० च्या अंतिम सामन्यातही हॉवर्ड वेब यांनी पहिल्या २८ मिनिटांत पाच पिवळी कार्डं काढली होती. शेवटी आकडा १४ वर गेला.

म्हणजे लवकर कार्ड काढलं म्हणून सामना बिघडतो, असं नाही. पण लवकर काढल्याने तो सुधारतो, हेही कुठे दिसत नाही. कार्डाचा परिणाम वेळेवर नाही, फाउलच्या वजनावर ठरतो. फुटबॉलच्या नियमावलीतला फाउलबद्दलचा नियम १२ तीन पायऱ्या सांगतो. टॅकल, म्हणजे बॉल हिसकावण्यासाठी घुसणं, निष्काळजी असेल तर फक्त फ्री किक. बेपर्वा असेल, म्हणजे समोरच्याला धोका आहे याची फिकीर न करता घुसलेला, तर पिवळं. जादा बळ वापरून समोरच्याचं अंग धोक्यात घातलं तर लाल. पहिल्या पायरीवरच्या फाउलला दुसरीचं कार्ड दिलं की माप तिथेच ठरून जातं. विसाव्या मिनिटाला तसाच फाउल दुसऱ्या संघाकडून झाला की तिथेही कार्ड द्यावं लागतं. नाही दिलं तर पक्षपात, दिलं तर हाफटाइमपर्यंत सहा जण कार्डावर. दहाव्या मिनिटाला दोन्हीकडचे बचावपटू कार्डावर असतील तर उरलेली ऐंशी मिनिटं प्रत्येक साध्या फाउलला बेंचवरून "दुसरं, दुसरं!" असा ओरडा सुरू राहतो, कारण दुसरं पिवळं म्हणजे लाल, खेळाडू बाहेर.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, तोही तितकाच घातक: "एवढ्या लवकर कार्ड कसलं?" तिसाव्या सेकंदाला बेपर्वा टॅकल झाला तर तिसाव्या सेकंदाला पिवळं. घड्याळ कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

मग निष्काळजी पहिल्या फाउलला करायचं काय? शिट्टी लगेच आणि मोठी, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. मग धावत त्या जागी. चालत गेलात तर मधल्या चार सेकंदांत दोघे एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे असतात. दोघांच्या मधे उभं राहा, फाउल करणाऱ्याला दोन वाक्यं सांगा. पुन्हा त्याच खेळाडूने केलं तर त्याला बाजूला बोलवा आणि आधीचे फाउल कुठे झाले त्या जागांकडे हाताने बोट दाखवा. स्टँडमधल्या माणसालाही कळतं की हिशेब ठेवला जातोय. वारंवार फाउल करण्यासाठी पिवळं देताना नियमात ठरावीक आकडा नाही. एकाच खेळाडूला तीन वेगवेगळ्या विरोधकांनी आळीपाळीने पाडलं, तर ती संघाची चाल आहे हे ओळखून तिसऱ्याला गाठावं लागतं.

कार्ड काढायचीही एक रीत आहे. फाउल करणाऱ्याला पडलेल्या खेळाडूपासून आणि त्याच्या साथीदारांपासून दूर न्या, हातभर अंतर ठेवा, मग दाखवा. नाकासमोर कार्ड नाचवलं की तो अपमान होतो, आणि डर्बीत अपमानाची परतफेड पुढच्या टॅकलमध्ये होते.

"शिट्टी आवरा, खेळ वाहू द्या."

२ मे २०१६ ला स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सी आणि टॉटनहॅम २-२ बरोबरीत सुटले. त्या एका सामन्यात टॉटनहॅमच्या नऊ खेळाडूंना पिवळी कार्डं मिळाली, आणि एकही लाल नाही. रेफरी मार्क क्लॅटनबर्ग यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की आपण एक योजना घेऊनच उतरलो होतो: टॉटनहॅमला स्वतःच्या हाताने स्वतःचा घात करू द्यायचा, आपण तिघांना बाहेर काढू शकलो असतो. टॉटनहॅमचं विजेतेपद हुकल्याचं खापर रेफरीवर फुटू नये, हा त्यामागचा विचार. विचार समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत ज्यांच्या पायांवर टॅकल आले त्यांनी मोजली. कोण बाहेर जाणार हे आधीच ठरवून उतरणं जितकं चूक, तितकंच कुणीच जाणार नाही हे ठरवून उतरणं.

वाहू देण्याचं खरं साधन म्हणजे अॅडव्हांटेज, म्हणजे फाउल होऊनही ज्याच्यावर झाला त्याच संघाची चाल पुढे जात असेल तर शिट्टी न वाजवणं, आणि डर्बीत ते फार जपून वापरायचं असतं. साध्या सामन्यात मिडफिल्डमधला फाउल सोडून दिला तर चाल पुढे जाते, सगळे खूश. डर्बीत ज्याला लाथ बसली त्याला चालीशी देणंघेणं नसतं. तो उठतो आणि उट्टं काढायला निघतो. पुढच्या दहा सेकंदांत दुसरा, जास्त वाईट फाउल होतो, आणि तो पहिल्याच्या न वाजलेल्या शिट्टीतून जन्मलेला असतो. म्हणून अंदाज असा: ज्याच्यावर फाउल झाला त्या संघाच्याच गोलजवळ असेल तर वाजवा. मिडफिल्डमध्ये जोरदार टॅकल असेल तर वाजवा. गोलची स्पष्ट संधी समोर असेल तरच हात पुढे करून सोडा. लाल कार्डाच्या फाउलला तर नियमच सांगतो की गोलची स्पष्ट संधी नसेल तर अॅडव्हांटेज देऊ नये. फायदा काही सेकंदांत झाला नाही तर मागे येऊन मूळ फाउल देता येतो. बेपर्वा टॅकलवर अॅडव्हांटेज दिलं असेल, तर त्या खेळाडूचा नंबर तोंडाने पुटपुटत राहा आणि बॉल पुढे थांबला की कार्ड द्या. ते विसरलं तर समोरच्या बेंचवर सगळ्यांना आठवत असतं.

"बॉलला आधी पाय लागला."

नियमांत असं वाक्य नाही. बॉल आधी लागणं हा एक पुरावा आहे, माफीपत्र नव्हे. बघायचं ते असं: टॅकल करणारा किती वेगाने आणि किती लांबून आला, गुडघा वाकलेला होता की पाय काठीसारखा ताठ, स्टड वर होते की नाही, स्पर्श घोट्यावर झाला की नडगीवर की त्याहून वर, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते का. बॉलला निसटता स्पर्श करून ताठ पाय घोट्यावर आला, तर बॉलचा हिशेब तिथे संपतो.

हे सगळं दिसायला उभं राहण्याची जागा नीट लागते, आणि सल्ले देणारे नेमकं याबद्दल कधी बोलत नाहीत. खेळाच्या सरळ मागून धावणाऱ्या रेफरीला पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. बाजूने, दोन खेळाडूंमधली फट दिसेल अशा कोनात यायचं. २०१० च्या अंतिम सामन्यात निगेल दे याँगची लाथ शाबी अलोन्सोच्या छातीवर बसली आणि कार्ड पिवळं निघालं. वेब यांनी नंतर स्वतःच मान्य केलं की ते लाल होतं. त्या क्षणी त्यांची नजर अडली होती. फिटनेस, हिंमत, निष्पक्षपणा सगळं जागेवर असूनही दोन पावलं चुकीच्या बाजूला असली तर हे होतं.

"चूक झाली तर व्हीएआर आहे."

ज्या सामन्यांत व्हीएआर आहे तिथेही त्याची कक्षा अरुंद आहे. तो मुळात गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड यांसाठी आला, आणि तेही चूक स्वच्छ, उघड असेल तरच. द्यायला हवं होतं पण दिलं नाही असं पिवळं कार्ड तो आणून देत नाही. आणि डर्बी पेटते ती बहुतेकदा अशाच न दिलेल्या पिवळ्यांवर, थ्रो-इनच्या वादांवर, कानात बोललेल्या शिव्यांवर. शिवाय तपासणी सुरू असताना बावीस जण मोकळे उभे असतात. त्या वेळात रेफरीने घोळक्यापासून दूर उभं राहायचं आणि मैदानाबाहेर बेंचजवळ उभ्या असणाऱ्या चौथ्या अधिकाऱ्याने दोन्ही बेंच आपापल्या चौकटीत ठेवायचे.

"दोन्हीकडे एकेक कार्ड."

फिरत्या सल्ल्यातला हा सर्वांत निर्धास्त आणि सर्वांत चुकीचा मुद्दा. दहा-बारा जण एकमेकांना ढकलत असतात तेव्हा रेफरीची सहजप्रवृत्ती मधे घुसण्याची असते. घुसलेल्या माणसाला समोरचा एकच चेहरा दिसतो, पाठीमागे कोण कुणाची गचांडी धरतोय ते नाही. म्हणून काम वाटून घ्यायचं. जवळचा सहायक (कडेच्या रेषेवरचा रेफरी) आणि रेफरी कडेला जाऊन सुरुवात करणाऱ्या दोघांना वेगळं करतात. दूरचा सहायक जागेवरून पाहतो आणि वहीत फक्त नंबर आणि कृती लिहितो: "४ ने ढकललं, ९ चा हात चेहऱ्यावर, १७ बेंचवरून धावत आला." चौथा अधिकारी बेंच रोखतो. प्रकरण शांत होईपर्यंत एकही कार्ड बाहेर येत नाही. मग हेडसेटवर तिघांच्या नोंदी जुळवायच्या आणि तीन प्रश्न विचारायचे: मूळ फाउल कुणाचा, पहिला धक्का कुणाचा, आणि लांबून धावत येऊन आग भडकवणारा कोण? हा तिसरा बहुतेक वेळा सुटतो, आणि दोन्ही संघांना ते ठाऊक असतं.

या तीन उत्तरांतून कधी एका संघाला दोन कार्डं आणि दुसऱ्याला एकही नाही असं निघतं. तसं निघालं तर तसंच द्यायचं. तोल साधण्यासाठी दिलेलं कार्ड दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये लगेच ओळखलं जातं. ज्याच्याकडे चूक नव्हती त्याला राग येतो, आणि ज्याची होती त्याला कळतं की पुढच्या वेळी किंमत निम्मीच पडणार. कर्णधारानेच रेफरीशी बोलायचं ही पद्धत २०२४ च्या युरो स्पर्धेपासून बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. ती पाळायची तर पहिल्याच वादात पाळायची. चार जणांनी घेरल्यावर ऐकून घेतलं की पुढे दहा येतात.

'विकला गेलेला' या शब्दावर थोडं. प्रेक्षकांच्या आवाजाचा परिणाम होतो हे खरं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पात्र रेफरींना ४७ टॅकलचं चित्रण दाखवलं होतं, काहींना आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. गंमत अशी की पाहुण्यांविरुद्ध फाउल वाढले नाहीत. यजमानांच्या फाउलबद्दलची खात्री तेवढी डळमळली. यात पैसा नाही, कट नाही. त्यावरचा उपायही साधा आणि कंटाळवाणा आहे: खेळाडूची किंकाळी किंवा स्टँडची गर्जना कानावर येण्याआधी पायांवरचा स्पर्श पाहून मनात निर्णय झालेला असावा, आणि खात्री नसेल तर पलीकडच्या सहायकाला हेडसेटवर एका शब्दात विचारावं.

"काही फेकलं तर सामना रद्द."

१२ एप्रिल २००५ च्या मिलान डर्बीत (एसी मिलान विरुद्ध इंटर) एसी मिलानचा गोलरक्षक दिदाला स्टँडमधून आलेली जळती फ्लेअर (पेटवून फेकलेली कांडी) लागली. रेफरी मार्कुस मेर्क यांनी आधी दोन्ही संघांना आत नेलं, थांबले, मग सामना पुन्हा सुरू केला. फ्लेअर परत येऊ लागल्या तेव्हाच तो सोडून दिला. मधला टप्पा भित्रेपणाचा नव्हता. थांबवणं, काही काळ स्थगित करणं आणि सोडून देणं हे तीन वेगळे निर्णय आहेत. हजारो लोक आत असताना अचानक "संपलं" म्हणून जाहीर केलं तर खेळाडू आत जातात, पण गर्दी तिथेच राहते, आणि पोलिसांना दरवाजे व बाहेरचे रस्ते तयार करायला वेळ लागतो. म्हणून आधी सुरक्षा प्रमुखाशी बोलणं, दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षकांना एकत्र सांगणं, घोषणा, मग वाट पाहणं.

२०१५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट यांच्या सामन्यात हाफटाइमला रिव्हरचे खेळाडू मैदानात परतत असताना त्यांच्यावर मैदानात येण्याच्या बोगद्यात तिखट फवारा मारला गेला. सामना सोडण्याचा निर्णय व्हायला तासाहून जास्त वेळ गेला. हाफटाइमला बोगदा ही डर्बीतली सर्वांत वाईट जागा असते. संघ एकामागून एक सोडायचे, मधे अंतर ठेवायचं आणि चौथ्या अधिकाऱ्याला तोंडाशी उभं करायचं. मध्यंतरातही कार्ड दाखवण्याचा अधिकार रेफरीकडे असतो, हे खेळाडू बरेचदा विसरतात.

सामना सोडल्यावर निकाल काय हे रेफरी ठरवत नाही, स्पर्धा चालवणारे ठरवतात. मेर्क यांच्या सामन्यात तो एसी मिलानच्या बाजूने ३-० दिला गेला. स्पर्धा चालवणाऱ्यांच्या हाती जाते ती रेफरीची लेखी नोंद. तिच्यात "प्रेक्षक बेशिस्त होते" असं लिहिलं तर काही उपयोग नाही. कुठल्या स्टँडमधून, कोणत्या मिनिटाला, कोणती वस्तू, कुणाला कुठे लागली, खेळ किती मिनिटं थांबला, आणि कोण काय बोललं ते शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट. ती नोंद त्याच रात्री, सहायकांच्या वह्या समोर ठेवून लिहायची.