दीड हजारातला कॉम्प्युटर

"दीड हजारात होईल," असं मी बायकोला सांगितलं, तेव्हा डोळ्यांसमोर फक्त कोरा पीसीबी, म्हणजे भाग डागायची रिकामी पाटी होती. लग्नाच्या खर्चात हॉलचं भाडं धरावं आणि पंगती विसराव्यात, तसं झालं.

बनवायचा होता झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ सालचा, रबरी बटणांचा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर. मेमरी ४८ केबी. नातेवाइकांच्या ग्रुपवरचा 'शुभ सकाळ'चा गुलाबही त्यात मावायचा नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या पुण्यातल्या डेसिबेल्स कंपनीने त्याची परवान्याने देशी आवृत्ती काढली होती. वर्गातल्या एकाकडे होती. हात लावू द्यायचा नाही. तो हिशेब बाकी होता.

तो बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीने स्वस्ताईसाठी किरकोळ सर्किटं यूएलए नावाच्या एकाच चिपमध्ये कोंबली होती. ती आता कोणी बनवत नाही. तिचं काम ७४ सिरीजच्या साध्या आयसींकडून, म्हणजे छोट्या चिपांकडून, करून घेता येतं, फक्त त्या डझनावारी लागतात. घरातला कर्ता गेल्यावर सगळ्या भाऊबंदांनी मिळून संसार ओढावा, तसला प्रकार.

प्रोसेसर झेड८०. हे १९७६ पासूनचं उत्पादन थांबवत असल्याचं तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं, ती बातमी तापकीर गल्लीत माझ्याआधी पोचलेली. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"ओरिजिनल पाहिजे, की चालणारा?"

मी दोन्ही घेतले. घरच्या वहीत ते 'औषधं' म्हणून गेले. सोल्डरिंग गन 'गॅस दुरुस्ती'त बसली.

तीन आठवडे रात्री जागून शेकडो टाके डागले. टीव्हीला जोडून वायर लावली, तर पडद्यावर चौकड्याची लुंगी. ओरिजिनल बसवला, लुंगी. चालणारा बसवला, लुंगीच. चार रात्री मल्टीमीटर फिरवला. पाचव्या दिवशी आई समोर तांदूळ निवडत बसली होती. मोतीबिंदू काढल्यापासून तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"त्या मोठ्या किड्याचा एक पाय पोटाखाली दुमडलाय बघ. इकडून सातवा."

प्रोसेसरच्या चाळीस पायांतला सातवा. डेटाची लाइन! चिमट्याने सरळ केला, वायर लावली. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि तळाशी अक्षरं उमटली: १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. माझे डोळे भरून आले. थोडे सोल्डरमधल्या रोझिनच्या धुरानेही असतील.

"काय करतो हा?"

"गेम खेळतो. हिशेब करतो."

"मग कर की. एकूण किती गेले?"

याच्यात 'पी' दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द येतो, त्यामुळे टाळाटाळीलाही वेळ मिळत नाही. मी एकेक आकडा घातला, औषधांसकट. एंटर मारलं. ६८४०.

आईने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात जिन्यात बायकोच्या चपला वाजल्या.

मूळ स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नव्हतं. माझी नक्कल इमानदार होती. वायर उपटली की मेमरी साफ. उपटली.

"आई, झालं का ह्यांचं एकदाचं?" बायकोने दारातूनच विचारलं.

"झालं," आई ताटातला खडा बाजूला काढत म्हणाली. "दीड हजारात."