टेलर डेनचं 'आय'ल ऑल्वेज लव्ह यू' (व्हिटनीचं नव्हे, ते वेगळं)

आधी नावाचा घोळ निस्तरू. डॉली पार्टनने लिहिलेलं आणि १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने घराघरांत पोहोचवलेलं गाणं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. इथे विषय आहे 'आय'ल ऑल्वेज लव्ह यू', म्हणजे १९८८ चं, अमेरिकन गायिका टेलर डेनचं. गीत-संगीत जिमी जॉर्जचं, निर्माता रिक वेक. दोघी गायिका अरिस्टा या एकाच रेकॉर्ड कंपनीच्या, त्यामुळे गोंधळ आणखी पक्का. कराओकेवाल्याला नुसतं गाण्याचं नाव सांगितलंत तर एका अपॉस्ट्रॉफीपायी भलताच ट्रॅक लागतो. त्यात व्हिटनीच्या गाण्याची सुरुवातच बिनवाद्यांची. चूक लक्षात येईपर्यंत अर्धा मिनिट गेलेलं असतं.

आता मुद्द्याचं. टेलर डेन आधी डान्स गाण्यांनी गाजली, आणि हे तिचं बॅलड, म्हणजे संथ लयीतलं गाणं. त्यामुळे या गाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "डान्स गाण्यांत काय, बीटच वाजत असतो. बॅलड आलं तेव्हा कळलं की बाईला गाता येतं." मला हे साफ नामंजूर आहे. 'टेल इट टू माय हार्ट' या तिच्या डान्स गाण्यात ड्रम मशीन आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य) एकाच वेळी अंगावर येत असतात. त्या गलक्यावर आवाज काढायचा, तोही एकही शब्द न सांडता, हे गाता येत असल्याशिवाय होत नाही. बॅलडमध्ये कामाची जात बदलते, एवढंच.

कशी बदलते ते हिशोबानेच बघा. 'टेल इट टू माय हार्ट'चा टेम्पो मिनिटाला ११८ मात्रांच्या आसपास. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि चार मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांत संपलं. सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांनी रुजवलेली भावपूर्ण शैली) बॅलड सर्वसाधारणपणे ६० ते ७५ मध्ये चालतं. हिशोबापुरते ६६ धरले तर मात्रा ०.९ सेकंदाची, आवर्तन ३.६ सेकंदांचं. दोन आवर्तनांची ओळ तिकडे चार सेकंदांत आटपते, इकडे सव्वासात सेकंद पुरवावी लागते. गळा तोच, दमसास जवळपास दुप्पट.

डान्स गाण्यांची सवय असलेले लोक इथे पहिली चूक करतात ती छाती फुगवून श्वास घेण्याची. मग पहिला शब्द फटाक्यासारखा फुटतो आणि ओळीचं शेपूट हवेत विरतं. श्वास दोन घास कमी जेवल्यासारखा घ्यायचा, आणि ओळीचा पहिला एक-तृतीयांश भाग जेमतेम हवेवर काढायचा. सरावाला मेट्रोनोम ६६ वर लावा आणि 'स्स्स' असा एकसारखा आवाज २४ मात्रा धरा. सुमारे २२ सेकंद होतात. पंधराव्या मात्रेनंतर आवाज थरथरला तर सुरुवातीलाच उधळपट्टी झाली असं समजा.

दुसरी गोष्ट व्हायब्रेटोची, म्हणजे लांब सुराच्या हेलकाव्याची. चांगल्या आवाजात सेकंदाला पाच-सहा हेलकावे येतात. अर्ध्या सेकंदाच्या सुरात ते दोन-तीनच मावतात, म्हणून डान्स पॉपमध्ये सूर सरळ ठोकून मोकळं व्हायचं असतं. तीन सेकंदांचा सूर तसाच सरळ ठेवला तर भोंगा वाटतो, आणि पहिल्या क्षणापासून हलवला तर रडका. सरळ लावायचा, स्थिर होऊ द्यायचा, आणि शेवटच्या एक-तृतीयांश भागात सोडायचा. टेलर डेनचं हे गाणं हेडफोन लावून ऐका आणि फक्त लांब सुरांची शेवटं ऐका. बाकी काही ऐकू नका. तिने सैल कुठे सोडलंय ते कळेल.

लयीबद्दल मात्र आपल्या कानांना फार शिकवावं लागत नाही. ड्रम मशीनच्या गाण्यात शब्द मात्रेच्या डोक्यावर बसतो, सोलमध्ये तो किंचित मागे रेलतो. किंचित म्हणजे ३० ते ६० मिलिसेकंद. शंभराच्या पुढे गेलात की ऐकणाऱ्याला रेललेलं वाटत नाही, चुकलेलं वाटतं. ठुमरीत किंवा भावगीतात ओळ ओढून नेऊन समेला नेमकं यायचं असतं, तसंच हे. ध्रुवपदाच्या ओळीवर मात्र गायिकेने आणि ड्रमने एकत्र उतरायचं. वाद्यवृंदात हमखास बिघडतं ते असं, की गायिका मागे रेलली म्हणून ड्रमर दयेपोटी हळू होतो, त्याला हळू झालेलं पाहून ती आणखी मागे जाते, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गाण्याची अंगाई झालेली असते. ड्रमरने निर्दय राहावं.

आता पट्टी. टेलर डेनचा आवाज स्त्रियांमध्ये खालचा, जाड आणि थोडा खरखरीत. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक गायिकांना सुरुवातीच्या कडव्यात खर्ज सापडत नाही. लगेच पट्टी दोन-तीन सूर वर सरकते, पहिलं कडवं छान वाजतं आणि शेवटच्या ध्रुवपदात किंचाळ्या सुरू होतात. पट्टी नेहमी शेवटच्या ध्रुवपदावरून ठरवा. तिथला सगळ्यात वरचा सूर लागोपाठ तीनदा, दमलेल्या गळ्याने, मोकळा लागला पाहिजे. खालच्या सुरांना माइक हात देतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच ऐकणारा) माइक ओठांपासून पाच सेंटिमीटरवर आणला की खालची गाज आपोआप वाढते आणि दुबळा खर्जही भरलेला वाटतो. वरच्या सुरासाठी असली सोय कुठल्याही माइकमध्ये नाही. ध्रुवपदात माइक २०-२५ सेंटिमीटरवर न्या, पण तोंडासमोरच सरळ मागे. बाजूला फिरवला की आवाज पातळ होतो. ट्रॅकची पट्टी सॉफ्टवेअरने बदलायची तर एक-दोन अर्धस्वर खपतात, म्हणजे काळी चारवरून पांढरी पाच, फार तर काळी तीन. त्यापुढे सॅक्सोफोन आधी बिघडतो, कधी बदकासारखा तर कधी भोपळ्यातून आल्यासारखा.

हरकतींचा मोह सगळ्यांनाच होतो. सोलमधल्या ताना बहुतेक पाच सुरांत फिरतात. भूपाचे पाच सूर किंवा धानीचे पाच सूर धरले तर तुम्ही बऱ्यापैकी त्याच अंगणात असता. चाल मुख्यतः उतरती आणि शेवट कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाच्या) एखाद्या सुरावर. गझलेची मुरकी इथे कशीही चिकटवली तर सूर बरोबर असूनही पाहुणी वाटते. पहिल्या कडव्यात शून्य, दुसऱ्यात एखाद-दोन, उरलेलं सगळं शेवटच्या ध्रुवपदासाठी राखून ठेवा.

घरी रेकॉर्ड करणाऱ्यांनी डान्स ट्रॅकचे प्रीसेट (तयार सेटिंग) इथे लावू नयेत. तिथे आवाज दाबून सपाट केलेला असतो, कारण त्याला गर्दीत उभं राहायचं असतं. इथे एकच कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ दाबणारं यंत्र) ८-१० डेसिबल दाबत बसला तर कुजबुज आणि हाक एकाच उंचीच्या होतात आणि गाणं मरतं. दोन कॉम्प्रेसर एकापुढे एक, प्रत्येकी २-३ डेसिबल, आणि उरलेलं काम फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) हाताने वर-खाली करून. जाड आवाज २०० ते ३०० हर्ट्झमध्ये घुमतो, तिथून २-३ डेसिबल काढा. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दोन-सव्वादोन सेकंदांचा चालतो, पण त्याआधी ५५ मिलिसेकंदांच्या आसपास प्री-डिले, म्हणजे विलंब, द्या (६०,००० भागिले टेम्पो, त्याला भागिले १६), म्हणजे शब्द आधी पोहोचतो आणि घुमारा मागून येतो. श्वासांचे आवाज पूर्ण कापू नका. सहा डेसिबल खाली घ्या, बस.

थोडं बाजाराबद्दल. पहिल्या अल्बममधली चार सिंगल्स अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अनुक्रमे ७, ७, ३ आणि २ क्रमांकापर्यंत गेली. हे बॅलड त्यातलं तिसरं. हा क्रम मला पटतो. लाँग आयलंडच्या या मुलीने पदार्पणच बॅलडने केलं असतं तर ती त्याच कंपनीत व्हिटनीच्या मागे रांगेत उभी राहिली असती. आधी क्लबमध्ये ओळख, मग रेडिओवर ठाय लय. जिमी जॉर्जलाही सोलचा बाज नवा नव्हता. आदल्याच वर्षी स्मोकी रॉबिन्सनने गाजवलेल्या 'जस्ट टू सी हर'च्या दोन लेखकांपैकी तो एक. पुढे एप्रिल १९९० मध्ये गीतकार डायन वॉरनच्या 'लव्ह विल लीड यू बॅक'ने टेलर डेनला पहिला क्रमांक मिळवून दिला. तरी मी १९८८ चंच वरचं मानतो. वॉरनचं गाणं चढायलाच बांधलेलं आहे, पायऱ्या दिसतात. जॉर्जच्या गाण्यात दोन ओळींमधली जागा मोकळी सोडलेली आहे आणि ती भरण्याचा मोह टेलर डेनने टाळलाय.

एक सांगायचं राहिलं. याचा सराव ब्लूटूथ स्पीकरवर करू नका. आवाज १५०-२०० मिलिसेकंद उशिरा येतो, आणि आपण मुद्दाम मागे रेललोय की स्पीकरच मागे राहिलाय हे कळायला मार्ग उरत नाही. साधी वायर लावा, तीन मीटरची पुरते.