खोबऱ्याची पोती आणि पाहुणे

लहान जहाजाने पॅसिफिकमधल्या बेटांवर जाऊन तिथले लोकजीवन जवळून पाहण्याच्या सहलींविषयी मित्रांनी सल्ला विचारला, की मी त्यांना एकच गोष्ट विचारतो : पर्यटक नसते, तरी ते जहाज त्या बेटावर गेले असते का?

ताहितीच्या पापेएते बंदरातून सुमारे १,४०० किलोमीटर ईशान्येकडील मार्केसास बेटांना जाणारे ‘अरानुई ५’ या कसोटीला उतरते. २०१५ मध्ये सेवेत आलेले हे जहाज निम्मे मालवाहू आहे. ते सिमेंट, इंधन आणि किराणा घेऊन जाते आणि परतताना खोबऱ्याची पोती आणते. वस्ती असलेल्या सहा बेटांपैकी ताहुआता आणि फातू हिवा येथे विमानतळ नाही, त्यामुळे धक्क्यावर येणारी माणसे आधी आपल्या मालासाठी येतात आणि पाहुण्यांचे स्वागत त्यानंतर होते. मला हा क्रमच मोलाचा वाटतो. माझी आई रत्नागिरीच्या बोटीविषयी, पडावातून उतरणाऱ्या माणसांविषयी आणि मुंबईहून येणाऱ्या गाठोड्यांविषयी ज्या ओढीने बोलायची, ती ओढ आठवली की हे अधिकच पटते.

फातू हिवावर बायका झाडाची आतली साल लाकडी ठोकण्याने बडवून तापा नावाचे कापड करतात आणि त्यावर पारंपरिक नक्षी रंगवतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झाडांपैकी एक म्हणजे नीरफणस, ज्याची कापे आपण कोकणात आवडीने खातो. ही नक्षी गोंदणाच्या नक्षीशी नाते सांगते, आणि गोंदणावर तर मिशनरी व फ्रेंच सत्तेने बंदी घातली होती. बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या इतकी घटली, की १९२० च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून जेमतेम दोन हजार माणसे उरली. त्यातून सावरलेल्या समाजाने आपली भाषा, नृत्य आणि गोंदण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जिद्दीने पुन्हा उभे केले, आणि २०२४ मध्ये ही बेटे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. म्हणून तिथल्या बाईने सांगितलेल्या किमतीवर घासाघीस करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

एक खंत मात्र राहते. दोनशेहून अधिक प्रवासी एकाच सकाळी काही शे माणसांच्या गावात उतरले, तर संवादाला अवकाश उरत नाही. प्रवाशांचे लहान गट करावेत, मुक्काम लांबवावा आणि कोणत्या दिवशी किती जणांनी यावे हे गावानेच ठरवावे. त्यासाठी तिकीट महागले, तरी ते मला मान्य आहे.