कूलर आधी, सोफा मग

मागच्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीने नव्या फ्लॅटच्या हॉलचा फोटो पाठवला. लग्न डिसेंबरात, ताबा मार्चमध्ये, आणि एप्रिल अर्धा व्हायच्या आत फॉल्स सीलिंग, त्यात निळे दिवे, एल आकाराचा सोफा, भिंतभर टीव्ही युनिट. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. मी एवढंच विचारलं, "कूलर कुठे ठेवणार?" तिकडून बराच वेळ काही नाही. मग आलं, "ते पाहू ना ताई नंतर."

हे "पाहू नंतर" आम्हाला दोन वर्षांपूर्वी अकरा हजाराला पडलं होतं. म्हणून ही एवढी मोठी पोस्ट.

आमचा फ्लॅट नागपुरात, बेसा रोडला, चार माळ्यांच्या स्कीममध्ये, सगळ्यात वरचा. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: स्कीम म्हणजे अपार्टमेंट. सरकारी योजना नाही.) वरचा का, तर दोन लाखांनी स्वस्त. तो स्वस्त का आहे हे बिल्डर सांगत नाही. मे महिना सांगतो.

रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावाने झाली. आपल्या राज्यात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सत्तावीस लाखांवर २७ हजार. घरातल्या एका काकांना हे काही पटलं नाही. "घर सुनेच्या नावाने?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तर सासरे म्हणाले, "सत्तावीस हजार तू देतं काय मंग?" विषय तिथेच संपला. ते २७ आणि आमच्याजवळचे ४०, असे ६७ हजार हाताशी घेऊन आम्ही घर लावायला निघालो. एका इंटिरियरवाल्याने वन बीएचकेचं पॅकेज साडेतीन लाख सांगितलं होतं. आम्ही त्याचा चहा पिऊन परत आलो.

दोघांनी आपापली यादी केली. नवऱ्याच्या यादीत पहिली ओळ ४३ इंची टीव्हीची. माझ्या यादीत पडदे, उभा लॅम्प, कुंड्या, एक भिंत गडद रंगाची. कूलर दोघांच्याही यादीत नव्हता. दोघंही नागपुरात जन्मलो, इथेच वाढलो, लहानपणी कूलरच्या टाकीत पाणी भरायची पाळी कोणाची यावरून भावंडांशी मारामाऱ्या केल्या. तरी नव्हता. कारण आम्ही जे फोटो पाहून घर लावत होतो, त्या फोटोंतल्या घरांत कूलर नसतो.

तर टीव्ही युनिट. साडेआठ हजाराचं, पांढरं, चकचकीत, आत पिवळा दिवा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वॉटरप्रूफ आहे." मी मान डोलावली. आत काय आहे ते विचारलं नाही. आत होता पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा सरसासारख्या चिकट मालात दाबून केलेली फळी, वरून चिकटवलेला गुळगुळीत पांढरा कागद.

कूलर सासरचा, जुना, लोखंडी, निळा. तो खिडकीबाहेर टांगायचा तर ग्रिल कापावी लागते, अँगलचा स्टँड वेल्ड करावा लागतो, आणि मग तो निळा डबा चोवीस तास खिडकीत दिसतो. माझ्या पांढऱ्या हॉलमध्ये! मी म्हटलं, आतच ठेवू ना, कोपऱ्यात. समोर एक मोठं झाड ठेवू, म्हणजे दिसणार नाही.

इथे ज्यांना हसू आलं ते नक्कीच नागपूरचे. बाकीच्यांसाठी सांगते. कूलर ओल्या वुडवुलमधून, म्हणजे त्याच्या जाळीत भरलेल्या लाकडाच्या बारीक तारांमधून, हवा ओढतो. पाणी वाळताना त्या हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते, पण सोबत ओलीही होते. आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की दोरीवरचा टॉवेल पंधरा मिनिटांत कडक होतो. कूलर इथे चालतो आणि मुंबईत चालत नाही तो याच्यामुळे. पण त्याला दर मिनिटाला बाहेरची नवी कोरडी हवा पाहिजे आणि ओल्या हवेला बाहेर जायला समोर दुसरी खिडकी उघडी पाहिजे. आमचा कूलर आत बसून तीच ती ओली हवा फिरवत होता. समोरची खिडकी बंद, कारण तिच्यापुढे उंच पाठीचा सोफा. तिला वरून मखमली पडदा.

पंधरा दिवसांत मिठाच्या बरणीत गोळे झाले. पापड नरम. पडद्याला असा कुबट वास की पाहुणे आले की मी उदबत्ती लावायची आणि त्यांना वाटायचं, काय धार्मिक सून आहे.

मग एका रविवारी फरशी पुसताना युनिटच्या खालच्या कडेला हात लागला. कडेची पांढरी पट्टी सुटून ओठासारखी बाहेर लोंबत होती. तिच्यामागची फळी फुगलेली, चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखी. नखाने जरा टोकरलं तर भुसा बोटावर आला. दारं फुगून एकमेकांवर चढली होती. नवरा गुडघ्यावर बसून दार लावून पाहून राहिला, उघडून पाहून राहिला, परत लावून पाहून राहिला. मी बादली घेऊन मागे उभी. दोघंही काही बोललो नाही. त्या युनिटचे चार हप्ते अजून बाकी होते.

साडेआठ हजाराचं युनिट, सोळाशेचे पडदे, नऊशेचं झाड कुंडीसकट. (झाड पहिलं गेलं.) हे झाले अकरा हजार.

वेल्डरला बोलावलं. तो चार माळे चढून वर आला, पाणी प्यायला, कोपऱ्यातला कूलर पाहिला, त्याच्यापुढचं वाळलेलं झाड पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हा कूलर झाडाले हवा देऊन राहिला काय?"

दुसऱ्या दिवशी कूलर खिडकीबाहेर टांगला गेला. मग सोफा त्या दुसऱ्या खिडकीसमोरून हलवावा लागला. सोफा हलला तर टीव्हीची जागा बदलली, टीव्ही हलला तर प्लगचं बोर्ड चुकीच्या भिंतीवर राहिलं. म्हणजे सगळं घर नव्याने लावलं, कूलर धरून. आणि आता मला वाटतं, नागपुरात घर लावायचा क्रमच हा आहे. हवा कुठून येईल, कुठून जाईल, पश्चिमेचं ऊन कोणत्या भिंतीवर पडतं, हे आधी. उरलेल्या जागेत सोफा. पहिला उन्हाळा काढेपर्यंत पलंग, गॅस, पंखे यांच्यापलीकडे फारसा खर्चच करू नये. मी तर म्हणते ताबा मार्चमध्ये मिळाला असेल तर देवाचे उपकार माना, तीन महिन्यांत घर स्वतःच सांगतं त्याला काय पाहिजे ते. दिवाळीत ताबा मिळालेले लोक जास्त फसतात. थंडीत सगळंच छान दिसतं.

कोणी म्हणेल, एवढं काय, एसी लावा ना. लावा, ज्यांना जमतं त्यांनी जरूर लावा. पण आमचा कूलर दोनशे वॅटच्या आतबाहेर खातो आणि दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण दीड हजार वॅट. घराचा हप्ता जाऊन उरलेल्या पगारात कोणतं बिल झेपतं, एवढा साधा हिशोब होता.

त्या उन्हाळ्यात आम्ही सजावट म्हणून जे केलं ते कोणाला दिसतच नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधली. तीच, जी उन्हाळ्यात आपल्या सिग्नलवर टू-व्हीलरवाल्यांच्या डोक्यावर लावतात. पडदा काचेच्या आत असतो, ऊन त्याच्यावर पडेपर्यंत घरात शिरलेलं असतं. ते काचेच्या बाहेरच अडवलं तर खरा फरक पडतो. माझ्या आजोळी, नागपुरातल्याच महाल भागात, वाळ्याच्या ताट्या दाराबाहेर बांधायचे आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायचे. हे सगळं माहीत असलेली बाई मी, आणि मखमली पडदे घेऊन आली. यंदा जाळी काढून बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, लावली. ती दिसायलाही चांगली आहे, म्हणजे माझी हौसही फिटली.

दुसरं, गच्चीला चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवला, त्यात थोडा फेविकॉल, आणि सकाळी साडेपाचला दोघं झाडू घेऊन वर. खालच्या तिन्ही माळ्यांनी वर्गणी दिली नाही. बरोबर आहे, स्लॅब त्यांच्या डोक्यावर नाही. नवऱ्याने पहिला हात मारला, मी दुसरा. सात वाजेपर्यंत उन्हाने पांढरं इतकं लखलखलं की डोळे उघडेनात, आणि आम्ही मधोमध उभे, दार पलीकडे, वाट सगळी ओली. तशीच तुडवत गेलो. पावलांचे ठसे पावसाळ्यापर्यंत गच्चीवर होते. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ ला गेला होता, त्या गावात वरच्या माळ्यावर राहायचं तर चुन्याला पर्याय नाही. किती डिग्री फरक पडला ते मी मोजलं नाही. पण रात्री अकरालाही पंखा भट्टीची हवा फेकायचा, ते थांबलं. चुना पावसाने जातो, दरवर्षी मारावा लागतो.

फर्निचरचं थोडक्यात. सागवान महाग म्हणतात, पण नवं. जुन्या वस्तीतले वाडे पडून राहिलेत, त्यांच्या चौकटी, फळ्या, तुळया विकायला येतात. लकडगंजला दोन रविवार फिरून आम्ही दोन फळ्या घेतल्या, खिळ्यांच्या भोकांसकट. टीव्ही आता त्यांच्यावर आहे. सुतारभाऊ रंधा मारता मारता म्हणाले, "याले काई होत नाई. हे लाकूड माह्या बापाहून जुनं हाय." स्वयंपाकघरातल्या खणांना मात्र प्लायवूड घेतलं, आणि या वेळी विचारून घेतलं. चांगल्या प्लायवर आयएस ७१० हा मानकाचा आकडा छापलेला असतो, ते उकळत्या पाण्याच्या परीक्षेतलं. ३०३ त्याच्याखालचं. दुकानदार तोंडाने काहीही म्हणो, आकडा पाहा.

भिंतीचं मात्र सविस्तर सांगते, कारण ते मला अजून पूर्ण पचलं नाही.

आजीचं एक करवतकाठी लुगडं आईच्या आलमारीत होतं. भंडाऱ्याकडचं, टसर रेशमाचं, मधाच्या रंगाचं, काठ मरून रंगाचा. मला ते भिंतीवर पाहिजे होतं. मी आईला म्हटलं, काठाचा एक तुकडा दे, फ्रेम करते. आई म्हणाली, "अवं, आजीचं लुगडं कापून राहिली का तू?" आणि दोन दिवस फोनवर नुसतं हूं-हूं.

तिसऱ्या दिवशी स्वतःच पिशवी घेऊन आली. पलंगावर लुगडं उलगडलं. घडी मोडली तिथे टसर करकरलं आणि चिरत गेलं, नुसत्या उलगडण्याने. घडी जिथे जिथे वर्षानुवर्षं पडली होती तिथे तिथे सरळ रेषेत विरलेलं. काठ मात्र जसाच्या तसा. अंग टसरचं असतं आणि काठ सुती. विणताना काठाचे धोटे वेगळे, अंगाचा वेगळा, दोन्हींचे धागे जिथे एकमेकांत अडकतात तिथे ते करवतीचे दात तयार होतात. मी आयुष्यात पहिल्यांदा ते दात बोटाने मोजले. आईने चष्मा लावला, जिथे कापड आधीच फाटलं होतं तिथूनच कात्री घातली आणि हातभर काठ काढून माझ्या मांडीवर टाकला. बाकीचं पुन्हा घडी करून पिशवीत. "हे नाही देत," म्हणाली.

फ्रेम साडेपाचशे रुपयांची. बेडरूममध्ये आतल्या भिंतीवर लावली आहे, कूलरच्या वाऱ्यापासून लांब. आई आली की तिच्याकडे पाहत नाही, पण बसते तिच्या खालीच.

नवऱ्याची एकच वस्तू हॉलमध्ये आहे, त्याचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. एक शिंग मोडकं, मागचं डावं चाक डुगडुगतं. मी आधी तो माळ्यावर टाकला होता. आता टीव्हीच्या बाजूला सागवानाच्या फळीवर उभा आहे, आणि आलेलं प्रत्येक लेकरू सरळ त्याच्याकडेच जातं. टीव्ही, ४३ इंची, आम्ही घेतलाच नाही. जुना ३२ चालतो.

६७ पैकी आता जवळ काही उरलं नाही, घरही पूर्ण लागलं नाही. जेवायच्या टेबलाची जागा रिकामी आहे, आम्ही खाली बसून जेवतो. मावसबहिणीचा काल फोन आला. म्हणे, ताई, तो वेल्डरचा नंबर दे.

आणि हो. आहेरात आम्हाला नऊ भिंतीवरची घड्याळं आली होती. पाच वाटली. चार अजून डब्यात पॅक आहेत, त्यातलं एक राधाकृष्णाचं, तासाला बासरी वाजते. ज्यांना पाहिजे त्यांनी सांगा. बेसा चौकापर्यंत मी आणून देते.