तीन चेंडू, ताठ पाठ आणि तोल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

श्वास, ताठ बसणं आणि तोल यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वेल्ह्याकडे आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागत राहणारा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. हॉस्पिटलातून दिलेलं तीन चेंडूंचं यंत्र ती वर्षभर रोज ओढतेय, फरक शून्य. म्हणजे ‘श्वासाच्या स्नायूंची ताकद’ हे थोतांड. मी ‘ताठ बसा’ लिहिलं, पण ताठ बसवलं की तिची धाप वाढते. आणि दुखणं फुप्फुसाचं असताना तोलाचे व्यायाम म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मधला आक्षेप आधी घेतो, कारण तिथे आईचं बरोबर आहे आणि माझं वाक्य ढिसाळ होतं. या आजारात हवा पुरती बाहेर पडत नाही, फुप्फुसं फुगलेलीच राहतात. त्यांच्या दाबाने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, जो घुमटासारखा असायला हवा, तो सपाट होत जातो. आधीच आखूड झालेल्या स्नायूला आणखी आकसायला जागा कुठे उरते? पुढे झुकून कोपरं टेबलावर टेकली की पोटाचा दाब श्वासपटलाला खालून वर ढकलतो आणि घुमट थोडा परत येतो. हातांना टेका मिळाल्यामुळे मान-खांद्याचे स्नायूही बरगड्या उचलायच्या कामाला लागतात. तेव्हा धाप लागलेली असताना आईला अजिबात ताठ करू नका. ओट्यावर कोपरं टेकू द्या, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडू द्या.

मात्र कमरेतून झुकणं वेगळं आणि दिवसभर पाठीला पोक काढून, छाती मिटून बसणं वेगळं. ‘ताठ’ म्हणताना हा पोक टाळा, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यासाठी दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हात चौकटीला टेकवायचे, एक पाऊल पुढे टाकायचं, छातीला ताण जाणवला की २० ते ३० सेकंद थांबायचं. असं ३ वेळा, श्वास न रोखता, आणि धाप नसतानाच. हाडं ठिसूळ असतील तर पाठ ओढूनताणून सरळ करायच्या फंदात पडू नका.

आता चेंडू. पुण्यात निम्म्या घरांतल्या कपाटावर ते यंत्र धूळ खात असेल. त्यातले चेंडू हवेच्या वेगावर उचलले जातात : ६००, ९०० आणि १२०० मिली प्रति सेकंद. ऑपरेशननंतर दीर्घ श्वास घेतला जावा, फुप्फुसाचे कोपरे मिटून राहू नयेत, यासाठी ते आहे. त्यात स्नायूला मोजून वाढवता येईल असं ओझंच नाही. जोरात हिसका दिला तरी चेंडू वर जातात आणि यंत्र तिरकं धरलं तर आणखी सहज. रिकामी पिशवी वर्षभर उचलून दंडात ताकद येत नाही, तसंच हे.

ताकद वाढवायचं यंत्र वेगळं, त्यात स्प्रिंगची झडप असते. ठरवलेला दाब ओढल्याशिवाय ती उघडत नाही. तो दाब ठरवण्यासाठी आधी आई कमाल किती जोराने श्वास आत ओढते ते मोजावं लागतं. ते काम श्वसनाचा फिजिओथेरपिस्ट करतो. समजा ५० सेंटिमीटर पाणी (हे दाबाचं माप) आलं, तर सुरुवात ३० टक्के, म्हणजे १५ वर. रोज दोनदा ३० श्वास, आठवड्यात किमान ५ दिवस, ६ ते ८ आठवडे. सोपं वाटू लागलं की एक-दोन सेंटिमीटर वाढवायचे. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच : पहिल्या दिवशी लावलेला आकडा दोन महिने तसाच राहतो. दुसरी चूक घाईची. भराभर ओढलं की चक्कर येते; दोन श्वासांमध्ये थांबायचं. पूर्वी छातीत हवा शिरून फुप्फुस मिटलं असेल, फुप्फुसात मोठे हवेचे फुगे असतील किंवा कानाचा पडदा नुकताच फाटला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि हेही स्पष्ट लिहितो : चालणं, पायांचे व्यायाम असा पूर्ण पुनर्वसनाचा कार्यक्रम चालू असेल, तर हे यंत्र वरून जोडून फारसा जादा फायदा दिसत नाही. ताकद मोजून कमी निघाली नाही, तर पैसे वाचवा.

राहिला तोल, आणि इथे मी तसूभर मागे हटणार नाही. श्वासपटलाला दोन नोकऱ्या आहेत. हात झटकन वर केला की धड स्थिर ठेवायला ते हाताच्या आधी आकसतं. धाप लागली की श्वासाची नोकरी जिंकते आणि तोलाची मागे पडते. त्यात मांड्या रोडावलेल्या, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी स्नायू आणि हाडं कमजोर झालेली, घरी ऑक्सिजन असेल तर पायात नळी. आई काठीने उंच दांडीवर कपडे वाळत घालते, तो क्षण आठवा : हात वर गेले, म्हणजे श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायूही दुसऱ्याच कामाला गेले; मान मागे, नजर वर. पडायला आणखी काय हवं? खालच्या उंचीचा स्टँड घ्या.

नुसतं यंत्र ओढून तोल सुधारतो असं मी म्हणत नाही. तोल तोलाच्याच सरावाने येतो. ओट्याला बोटं टेकवून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्यापुढे ठेवायची, १० सेकंदांपासून ३० पर्यंत जायचं. मग एका पायावर. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, उठताना श्वास सोडत. शेजारी कुणीतरी हवंच. आधी एक मोजमाप करा : खुर्चीतून उठून ३ मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून चाला. पुण्यातल्या पीएमपीच्या बसमध्ये चढण्याची गोष्ट त्यानंतर.

कपालभातीबद्दल विचारलंत. आईसाठी नको. श्वासांचा वेग वाढला की सोडायला वेळ कमी पडतो आणि हवा आणखी अडकते.