बॉट हवाच, पण मर्जचं बटण माणसाकडे

तुमचा आक्षेप असा: गिटहबवर कोड आपोआप तपासणाऱ्या चालत्या बिल्डला हात लावू नये, त्यातल्या ॲक्शन्सचे (इतरांनी लिहिलेल्या तयार पायऱ्यांचे) अपडेट बॉटवर सोपवणं म्हणजे परक्या कोडला दार उघडून देणं. दाखला दिलात टीजे-ॲक्शन्सवरच्या हल्ल्याचा. पण तोच दाखला मला उलट दिशेला नेतो.

मार्च २०२५ मध्ये त्यांच्या 'चेंज्ड-फाइल्स' या ॲक्शनचे जुने टॅग (आवृत्त्यांची नावं) हल्लेखोरांनी एका घातक कमिटकडे (कोडच्या नोंदीकडे) वळवले. २३ हजारांहून अधिक रिपॉझिटरी (कोडचे साठे) ती वापरत होत्या. वर्कफ्लोमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये, नुसता टॅग लिहिलेल्यांनी काहीच अपडेट केलं नव्हतं. तरी त्या काळातल्या रनमध्ये तो कोड चालला आणि सीक्रेट्स (पासवर्ड, की वगैरे) लॉगमध्ये छापली गेली. सार्वजनिक रिपॉझिटरीचा लॉग तर कुणीही वाचू शकतं. हात न लावल्याने कुणीच बचावलं नाही. बचावले ते जुन्या, चांगल्या कमिटचा ४० अक्षरी हॅश (त्याची न बदलणारी ओळख) पिन केलेले, म्हणजे टॅगऐवजी तोच लिहून ठेवलेले.

हॅश पिन केला की मात्र दुसरं दुखणं सुरू होतं. त्या अक्षरांकडे बघून आपण किती मागे पडलोय ते कळत नाही. गिटहबने ३० जानेवारी २०२५ पासून अपलोड-आर्टिफॅक्ट या ॲक्शनची तिसरी आवृत्ती बंद केली, तेव्हा ती वापरणारे चालते बिल्ड पडले. शिवाय हॅशने पिन केलेल्या ॲक्शन्ससाठी डिपेंडाबॉटचे (गिटहबच्या अपडेट बॉटचे) सुरक्षा-इशारे येतच नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून त्याचे आवृत्ती-अपडेट चालू हवेत. तो हॅश बदलतो आणि शेजारच्या कमेंटमधला आवृत्ती क्रमांकही.

बॉटच्या पुल रिक्वेस्टचा (बदल घ्या अशा विनंत्यांचा) ढीग साचला की लोक न वाचता मर्ज करतात, म्हणजे बदल कोडात घेऊन टाकतात, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मी सगळ्या ॲक्शन्स एका गटात घालते, तपासणी आठवड्यातून एकदा आणि वर सात दिवसांचा कूलडाउन, म्हणजे नवी आवृत्ती आली की तेवढं थांबणं. घातक आवृत्ती बाहेर आली तर तेवढ्यात बहुतेकदा पकडली जाते. ऑटो-मर्ज ॲक्शन्ससाठी कधीच नाही.

एक विनंती मात्र कळकळीची. डिपेंडाबॉटच्या पुल रिक्वेस्टवर चालणाऱ्या वर्कफ्लोला नेहमीची सीक्रेट्स मिळत नाहीत, रिपॉझिटरीत शिरायचं टोकनही वाचण्यापुरतंच असतं. चाचण्या फेल होतात म्हणून काही जण 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' हा सीक्रेट्स खुली करणारा ट्रिगर लावून मोकळे होतात. तसं करू नका. डिपेंडाबॉटची सीक्रेट्स सेटिंग्जमध्ये वेगळी ठेवता येतात. चाचणीला लागतात तेवढीच तिथे ठेवा, डिप्लॉयची (सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणण्याची) अजिबात नको.