‘४२ टक्के’वाला फॉरवर्ड

न्यू जर्सीच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज आत्यानं मला पाठवला. ‘अमेरिकेतल्या ४२ टक्के ट्रान्स बायकांना एचआयव्ही! नसते लाड पुरवल्याचं फळ!’ खाली आत्याचा प्रश्न: ‘खरं का रे हे?’

ट्रान्स बायका म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंदलेल्या, पण बाई म्हणून जगणाऱ्या. आकडा खरा आहे, काय करणार. सीडीसी या तिथल्या सरकारी संस्थेनं २०१९-२० मध्ये न्यूयॉर्क, अटलांटा, लॉस एंजेलिस धरून सात शहरांत केलेल्या पाहणीतला आहे. एकीच्या ओळखीनं दुसरी गाठत जमवलेल्या सुमारे सोळाशे जणी, म्हणजे अख्ख्या अमेरिकेचा हिशोब नव्हे. पण मेसेजवाल्यानं त्याच अहवालातली पुढची ओळ गाळली: कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रियांत ६२ टक्के, लॅटिना स्त्रियांत ३५, गोऱ्यांत १७. शहरं तीच, सगळ्या ट्रान्सच. लाडानं रोग होत असेल, तर अमेरिकेत सगळ्यात जास्त लाड काळ्या बायकांचे होतात का? काका एवढी वर्षं तिथं राहतात, त्यांनीच सांगावं.

लाड म्हणे! याच पाहणीतल्या ४२ टक्के जणी आदल्या वर्षभरात कधी ना कधी बेघर होत्या. घरानं हाकललं, काम कुणी देत नाही, आणि दवाखान्यात भरल्या खोलीत जुन्या पुरुषी नावानं पुकारा. पुन्हा कोण जाईल तिथं तपासणीला? संशोधक जे सेव्हेलियस यांनी २०१३ साली अशाच कृष्णवर्णीय-लॅटिना स्त्रियांबद्दल हे मांडलंय: बाई म्हणून मान कुठंच मिळत नसला, की जिथं मिळेल तिथं, पडेल त्या किमतीला घेतला जातो. तुला बाई मानणारा एकच पुरुष असेल, तर त्याच्यापुढं कंडोमचा हट्ट धरवत नाही. अंग बायकी दिसावं यासाठी, डॉक्टर परवडत नाही म्हणून, कुणाच्या तरी घरी नितंबांत सिलिकॉन टोचून घेतात, तेही कधीकधी कारखान्यात वापरायचं. ते रक्तातून फुप्फुसात गेलं तर जीव जातो. मान मिळाल्यानं हे होत नाही काका, न मिळाल्यानं होतं.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे झटपट. ‘हा मनोविकार आहे’: जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच मनोविकारांच्या यादीतून काढला. ‘आपल्याकडे असलं नव्हतं’: सौंदत्तीच्या यल्लम्माचे साडी नेसणारे जोगते काय अमेरिकेहून आले?

‘हार्मोन म्हणजे विष’ यात अर्धं तथ्य आहे. ट्रान्स बायका घेतात त्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोननं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून तर ते डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायचं. तसा धोका गर्भनिरोधक गोळ्यांनाही आहे. त्यांच्याविरुद्धचा फॉरवर्ड काकांकडून अजून आलेला नाही.